विरोधी बाकावरची नऊ वर्षं

एप्रिल १९९२ मध्ये ब्रिटनच्या मतदारांनी नील किनॉक यांच्या मजूर पक्षाला १ कोटी १५ लाखांहून अधिक मतं दिली, आणि किनॉक हरले. २००५ मध्ये टोनी ब्लेअर यांच्या मजूर पक्षाला साधारण ९५ लाख मतं पडली, आणि ब्लेअर तिसऱ्यांदा पंतप्रधान झाले. २०२४ मध्ये कीर स्टार्मर यांना ९७ लाख मतं मिळाली. टक्केवारीत ३३.७, म्हणजे किनॉक यांच्या ३४.४ टक्क्यांपेक्षाही कमी. तरी स्टार्मर यांच्या पदरात ४११ जागा पडल्या. किनॉक यांची गाडी २७१ वर अडली होती.

यावरून 'खरं तर किनॉक जिंकलेच होते' असं म्हणायचा मोह आवरायला हवा. १९९२ मध्ये मतदान ७७ टक्क्यांच्या पुढे गेलं होतं आणि जॉन मेजर यांच्या हुजूर पक्षाला १ कोटी ४० लाखांवर मतं मिळाली होती. किनॉक साडेसात टक्क्यांनी हरले. त्याला निसटता पराभव म्हणता येत नाही. पण हे आकडे शेजारी शेजारी मांडले की एवढं नक्की कळतं की या निवडणूक पद्धतीत नेत्याचं यश त्याच्या मतांइतकंच समोरच्याची मतं कशी फुटतात यावर ठरतं. मग 'दोनदा आपटलेला' म्हणून ज्याला निकालात काढलं, त्याची कारकीर्द मोजायची कशानं? मला वाटतं, विरोधी पक्षनेत्याला माप वेगळं लावावं. त्याच्या हाती पक्ष आला तेव्हा तो कोणत्या अवस्थेत होता आणि त्यानं तो सोडला तेव्हा कोणत्या, हे ते माप. यात किनॉक ब्रिटनच्या गेल्या पन्नास वर्षांतल्या मोठ्या राजकारण्यांत बसतात. आणि तरीही विरोधी पक्षनेत्याचं जे पहिलं काम, सरकारला कोंडीत पकडण्याचं, त्यात ते मोक्याच्या क्षणी कमी पडले. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत.

किनॉक वेल्समधल्या ट्रेडेगर गावचे. वडील खाणकामगार, आई नर्स. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी करणारे नाय बेव्हन याच गावचे, त्यामुळे मजूर पक्ष हा त्या खोऱ्यांमध्ये पक्ष कमी आणि कुळाचार जास्त. १९७० मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, किनॉक बेडवेल्टीतून खासदार झाले. विचारानं डावे, बोलायला ओघवते, विनोद तिखट आणि वाक्यं लांबलचक. इतकी लांबलचक की पुढे विरोधकांनी 'वेल्श बडबड्या' हे नाव त्यांना चिकटवलं आणि ते सुटलं नाही. मंत्रिपद मात्र त्यांनी आयुष्यात भोगलं नाही. जून १९८३ च्या निवडणुकीत, मतदानाच्या दोन दिवस आधी, वेल्समधल्या ब्रिजेंडच्या सभेत ते म्हणाले होते: थॅचर जिंकल्या तर मी तुम्हाला बजावतो, सामान्य माणूस असू नका, तरुण असू नका, आजारी पडू नका, म्हातारे होऊ नका. हुजूर पक्षाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर जिंकल्याच, १४४ च्या बहुमतानं. मजूर पक्षाला २७.६ टक्के मतं मिळाली आणि पक्षातून फुटून निघालेल्यांनी लिबरल पक्षाशी केलेल्या आघाडीला २५.४. दोन टक्क्यांनी इकडचं तिकडे झालं असतं तर मतांच्या हिशोबात मजूर पक्ष तिसऱ्या क्रमांकावर गेला असता. त्या निवडणुकीच्या जाहीरनाम्याला त्याच पक्षाचे खासदार जेरल्ड कॉफमन यांनी 'इतिहासातली सर्वांत लांब आत्महत्येची चिठ्ठी' म्हटलं होतं. एकतर्फी अण्वस्त्रत्याग, युरोपीय समुदायातून बाहेर पडणं, प्रसंगी बँकांवर सरकारी ताबा, सगळं त्यात होतं.

अशा पक्षाचं नेतृत्व ऑक्टोबर १९८३ मध्ये ७१ टक्के मतांनी किनॉक यांच्याकडे आलं. वय ४१. निवड जाहीर व्हायच्या त्याच दिवशी ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर छायाचित्रकारांसमोर चालताना त्यांचा पाय घसरला आणि ते लाटेत पडले. ती चित्रफीत पुढची नऊ वर्षं दाखवली गेली.

पक्षाची खरी दुखणी घरातली होती. 'मिलिटंट' नावाचा एक ट्रॉट्स्कीवादी, म्हणजे कडवा क्रांतिवादी डावा, गट वर्षानुवर्षं मजूर पक्षात शिरून शाखाशाखांवर कब्जा करत होता. त्यांचं स्वतःचं वृत्तपत्र, स्वतःची शिस्त, स्वतःचे पगारी कार्यकर्ते, वर मजूर पक्षाचं सदस्यत्व. संघ आणि पक्ष अशा दुहेरी सदस्यत्वावरून जनता पक्ष कसा फुटला आणि मधू लिमयांनी तो प्रश्न कसा लावून धरला, हे ज्यांना आठवतं त्यांना हा पेच वेगळा समजावून सांगायला नको. लिव्हरपूलची नगरपालिका या गटाच्या हाती होती. थॅचर सरकारनं अनुदान कापलं, नगरपालिकेनं मुद्दाम बेकायदा तुटीचं अंदाजपत्रक मांडलं, आणि पैसे संपत आल्यावर १९८५ च्या सप्टेंबरमध्ये आपल्याच ३१ हजार कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्याच्या नोटिसा काढल्या. ही म्हणे सरकारवर दबाव आणायची चाल होती. नोटिसा वाटायला कर्मचारी संघटनांनी नकार दिला, तेव्हा टॅक्स्या ठरवून त्या शहरभर पोहोचवल्या गेल्या.

१ ऑक्टोबर १९८५ ला बोर्नमथच्या पक्ष अधिवेशनात किनॉक यांनी त्या टॅक्स्याच पकडल्या. ताठर, वेळ निघून गेलेल्या घोषणा उराशी धरून बसलं की शेवट काय होतो, तर एक मजूर पक्षाची नगरपालिका (हे शब्द त्यांनी मुद्दाम दोनदा उच्चारले) आपल्याच कामगारांना काढल्याच्या नोटिसा वाटत टॅक्स्यांमधून शहरभर पळत सुटते. लोकांच्या नोकऱ्यांशी, लोकांच्या सेवांशी राजकारणाचे खेळ खेळता येत नाहीत, असं ते म्हणाले. सभागृहात बसलेले लिव्हरपूलचे उपनेते डेरेक हॅटन उभे राहून ओरडू लागले. लिव्हरपूलचेच खासदार एरिक हेफर व्यासपीठावरून उठून चालते झाले. अर्धं सभागृह टाळ्या वाजवतंय, अर्धं शिव्या घालतंय, आणि नेता बोलायचा थांबत नाही.

या भाषणाकडे 'डाव्यांना झोडपून मध्यमवर्गाची वाहवा मिळवली' असं बघणारे आजही आहेत. मला ते पटत नाही. किनॉक यांचा मुद्दा डावं-उजवं असण्याचा नव्हताच. ज्यांच्या नावानं राजकारण करायचं, त्यांनाच ओलीस ठेवायचं की नाही, हा तो प्रश्न होता, आणि तो एका खाणकामगाराच्या मुलानं विचारला म्हणून लागला. उजव्या बाजूच्या कुणी विचारला असता तर पक्षानं ऐकून सोडून दिला असता. हॅटन यांची पुढच्याच वर्षी पक्षातून हकालपट्टी झाली. हे वरवर सोपं दिसतं, पण पक्षाची कार्यकारिणी, कामगार संघटनांची गठ्ठा मतं, न्यायालयातले दावे या सगळ्यांतून ते रेटावं लागलं. मिलिटंटशी संबंधित खासदारांना काढायला १९९१ साल उजाडलं.

आता दुसरी बाजू. मार्च १९८४ ते मार्च १९८५ असा वर्षभर चाललेला खाणकामगारांचा संप हा किनॉक यांच्या आयुष्यातला सगळ्यांत अवघड काळ होता. संघटनेचे अध्यक्ष आर्थर स्कारगिल यांनी राष्ट्रीय पातळीवर कामगारांचं मतदान न घेताच संप पुकारला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी किनॉक यांची गत. बापाच्या पेशातल्या माणसांविरुद्ध बोलवेना आणि स्कारगिल यांच्या मागे उभं राहवेना. मतदान घ्या, एवढं पहिल्याच महिन्यात ठणकावून सांगितलं असतं तर संपाला नैतिक बळ तरी मिळालं असतं, किंवा निदान पक्षाची भूमिका स्वच्छ राहिली असती. ते त्यांनी सांगितलं नाही. पुढे अनेक वर्षांनी त्यांनी याबद्दल उघड खंत व्यक्त केली आहे. खंत प्रामाणिकच असेल, पण त्या वर्षी वेल्सच्या खोऱ्यांमध्ये घराघरांत चुली विझत होत्या आणि विरोधी पक्षनेता शब्द तोलत बसला होता.

जानेवारी १९८६ चं वेस्टलँड प्रकरण त्याहून जास्त टोचतं. एका हेलिकॉप्टर कंपनीच्या विक्रीवरून थॅचर यांच्या मंत्रिमंडळात भांडण पेटलं. संरक्षणमंत्री मायकेल हेसल्टाइन बैठक अर्धवट टाकून बाहेर पडले. सरकारी वकिलाचं गोपनीय पत्र वृत्तपत्रांकडे कुणी फोडलं यावरून व्यापारमंत्री लिओन ब्रिटन यांना जावं लागलं. २७ जानेवारीच्या चर्चेआधी खुद्द थॅचर यांनाच आपलं पद संध्याकाळपर्यंत टिकेल की नाही याची शंका होती, असं सांगतात. किनॉक यांना फक्त चार टोकदार प्रश्न विचारायचे होते: पत्र फोडायला कुणी सांगितलं, तुम्हाला कधी कळलं, तेव्हा तुम्ही काय केलंत, आणि इतके दिवस गप्प का होतात. त्याऐवजी त्यांनी भाषण केलं. विशेषणांवर विशेषणं, सात्त्विक संताप, आवाज चढलेला. हुजूर पक्षाच्या अस्वस्थ बाकांना गोंधळ घालायची आयती संधी मिळाली आणि बाई सुटल्या. सभा जिंकणारं वक्तृत्व आणि सभागृहातली उलटतपासणी ही दोन निराळी हत्यारं आहेत. आपल्याकडेही मैदान गाजवणारे कितीतरी नेते विधिमंडळात निष्प्रभ ठरलेले आपण पाहिलेत.

१९८७ च्या निवडणुकीत पक्षाचा प्रचार देखणा झाला. लाल झेंड्याच्या जागी लाल गुलाब आला. ह्यू हडसन या चित्रपट दिग्दर्शकानं किनॉक पती-पत्नींवर प्रचारपट बनवला. 'हजार पिढ्यांमध्ये विद्यापीठात जाणारा मी पहिला किनॉक कसा? आमचे पूर्वज काय मठ्ठ होते?' हे त्यांचं तेव्हाचं भाषण इतकं गाजलं की अमेरिकेत जो बायडेन नावाच्या एका तरुण सिनेटरनं त्याच वर्षी ते श्रेय न देता आपल्या तोंडी घातलं आणि त्यापायी अध्यक्षपदाच्या उमेदवारीतून माघार घेतली. एवढं करून मजूर पक्षाला जागा मिळाल्या २२९. थॅचर यांचं बहुमत शंभरावर कायम राहिलं.

इथून पुढे किनॉक यांनी केलं ते मला त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यांत मोठं काम वाटतं, आणि त्यांच्या पराभवाचं मूळही तिथेच दिसतं. दोन वर्षं धोरणांचा फेरआढावा चालला. एकतर्फी अण्वस्त्रत्याग सोडला. युरोपबद्दलचा विरोध सोडला. खासगीकरण झालेल्या सगळ्या कंपन्या परत सरकारी करायचा हट्ट सोडला. पक्ष सरकार चालवू शकेल अशा अवस्थेत आला. पण यातली प्रत्येक जुनी भूमिका किनॉक यांनी स्वतः आवेशानं मांडलेली होती. १९७५ च्या सार्वमतात ते युरोपविरोधी होते, अण्वस्त्रविरोधी मोर्चांत ते चालले होते. मतदारानं सरळ हिशोब केला: हा माणूस काल जे छातीठोकपणे बोलत होता ते आज सोडतो, तर आजचं उद्या सोडणार नाही कशावरून?

हा पेच प्रत्येक पक्षसुधारकाचा आहे. पक्ष बदलायचा तर घरातलाच माणूस लागतो, बाहेरच्याचं कुणी ऐकत नाही. आणि घरातला माणूस बदलला की बाहेरच्यांना तो संधिसाधू वाटतो. ब्लेअर यांना हे ओझं वाहावं लागलं नाही, कारण तोवर ओझं कुणीतरी वाहून संपवलं होतं. स्टार्मर यांनी २०२० मध्ये दिलेल्या दहा वचनांपैकी बरीच पुढे गुंडाळून ठेवली. त्यांना ते पचलं ते समोरचा हुजूर पक्ष पार कोसळला होता म्हणून. किनॉक यांच्या नशिबी असा कोसळलेला प्रतिस्पर्धी आला नाही. उलट, नोव्हेंबर १९९० मध्ये हुजूर पक्षानं थॅचर यांनाच बाजूला केलं आणि ज्या बाईंविरुद्ध सात वर्षं तलवार परजली त्या समोरून गायब झाल्या. मेजर मवाळ, साधे. बदल हवा असलेल्या मतदाराला बदल मिळाल्यासारखा वाटला.

१९९२ च्या पराभवाबद्दल दोन दंतकथा आहेत. एक शेफील्डच्या सभेची: मतदानाला आठवडा असताना किनॉक यांनी विजयी थाटात आरोळ्या ठोकल्या आणि मतदार बिथरले. दुसरी रूपर्ट मर्डोक यांच्या 'सन' या वृत्तपत्राची. मतदानाच्या दिवशी त्याच्या पहिल्या पानावर विजेच्या दिव्यात किनॉक यांचं डोकं होतं आणि शेजारी मजकूर: आज किनॉक जिंकले तर ब्रिटन सोडणाऱ्या शेवटच्या माणसानं कृपया दिवे मालवावेत. दोन दिवसांनी त्याच वृत्तपत्रानं जिंकून दिल्याचं श्रेयही स्वतःच घेतलं. हे श्रेय त्याला फुकट देऊ नये. छायामंत्रिमंडळाचे, म्हणजे विरोधी पक्षाच्या पर्यायी मंत्रिमंडळाचे, अर्थमंत्री जॉन स्मिथ यांनी निवडणुकीआधी प्रतिअंदाजपत्रक मांडून वरच्या उत्पन्नावर ५० टक्के कर आणि राष्ट्रीय विम्याच्या वर्गणीची मर्यादा उठवण्याचं जाहीर केलं. कागदावर ते सचोटीचं होतं. हुजूर पक्षानं त्याआधीच 'मजूर पक्षाचा करबॉम्ब' म्हणून करदात्यामागे वर्षाला १,२५० पौंडांचा आकडा भिंतीभिंतीवर लावला होता. किती जणांना खरोखर जास्त कर पडला असता हा प्रश्न उरलाच नाही. आपलं उत्पन्न कधीतरी वाढेल अशी आशा धरणाऱ्या प्रत्येकाला तो आकडा आपला वाटला.

किनॉक यांनी चार दिवसांत राजीनामा जाहीर केला. आणि नशीब बघा: सप्टेंबर १९९२ मध्ये पौंड युरोपीय विनिमयदर यंत्रणेतून (चलनांचे दर एकमेकांशी बांधून ठेवणारी व्यवस्था) फेकला गेला, हुजूर पक्षाची अर्थकारणातली पत एका बुधवारी बुडाली. त्या यंत्रणेत राहण्याला मजूर पक्षाचाही पाठिंबा होता. किनॉक जिंकले असते तर तो बुधवार त्यांच्या सरकारच्या माथी आला असता. १९९७ मध्ये ब्लेअर ४१८ जागा घेऊन आले तेव्हा ना त्यांनी ना अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी कधी मंत्रिपद सांभाळलं होतं. दोघेही १९८३ मध्ये, किनॉक नेते झाले त्याच वर्षी, खासदार झालेले. त्यांची शिकाऊ उमेदवारी झाली ती विरोधी बाकांवर, किनॉक यांच्या छायामंत्रिमंडळात. किनॉक यांच्या कार्यालयातले चार्ल्स क्लार्क आणि पॅट्रिशिया ह्यूइट पुढे ब्लेअर यांचे मंत्री झाले. ('लॉर्ड्स'सारखं वरिष्ठ सभागृह बरखास्त करा म्हणणारे किनॉक स्वतः २००५ मध्ये तिथे जाऊन बसले, आणि युरोपविरोधी किनॉक त्याआधी नऊ वर्षं युरोपीय आयुक्त होते. त्यांच्या टीकाकारांना हे दोन मुद्दे जन्मभर पुरले.)

हे सगळं घडू शकलं कारण पराभूत पक्षाला ब्रिटनमध्ये जागा असते, आणि ती उपकारानं दिलेली नसते. 'राजाचा विरोधी पक्ष' हे शब्द १८२६ मध्ये एका खासदारानं संसदेत थट्टेनं वापरले होते. १९३७ च्या कायद्यानं विरोधी पक्षनेत्याला वर्षाला २ हजार पौंड पगार सुरू केला, आणि १९७५ पासून विरोधी पक्षांना संसदीय कामासाठी सरकारी निधी मिळू लागला. कायद्यात अट एकच: विरोधातला सर्वांत मोठा पक्ष. किती मोठा, हे विचारलेलं नाही. १९३१ च्या निवडणुकीत मजूर पक्षाचे ६१५ पैकी ५२ खासदार उरले, साडेआठ टक्केही नाहीत. तरी तोच अधिकृत विरोधी पक्ष होता. त्या ५२ जणांत जेमतेम ५५१ मतांनी वाचलेले क्लेमंट ॲटली होते.

आपण ही संस्था तिकडून घेतली. १९७७ मध्ये विरोधी पक्षनेत्याला मंत्र्याचा दर्जा देणारा कायदा संसदेनं केला तेव्हा लोकसभेत त्या आसनावर यशवंतराव चव्हाण होते. त्या कायद्यातही विरोधातला सर्वांत मोठा पक्ष एवढंच म्हटलं आहे, जोडीला अध्यक्षांची मान्यता. दहा टक्के हा आकडा त्यात कुठे नाही. तो आला गणेश वासुदेव मावळंकर लोकसभेचे अध्यक्ष असतानाच्या संकेतातून, गणपूर्तीइतके, म्हणजे एक दशांश, सदस्य असले तर सभागृहात पक्ष म्हणून मान्यता, या कामचलाऊ नियमातून. २०१९ मध्ये काँग्रेसचे ५२ खासदार निवडून आले, नेमके ॲटलींच्या पक्षाइतकेच, आणि पद मिळालं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या २८८ जणांच्या विधानसभेत विरोधातल्या एकाही पक्षाला २९ चा आकडा गाठता आला नाही. ठाकरेंची शिवसेना २० वर, काँग्रेस १६ वर, शरद पवारांचा पक्ष १० वर. निकालानंतर विधानसभेतलं ते आसन रिकामंच राहिलं. सत्ताधारी म्हणतात, लोकांनीच तुम्हाला तेवढे आमदार दिले नाहीत. पण सर्वांत कमजोर विरोधी पक्षालाच तर कार्यालय, कर्मचारी, प्रश्नाची हक्काची वेळ यांची सर्वांत जास्त गरज असते. १०० आमदारांच्या विरोधी पक्षाला ती कायद्यानं द्यावी लागत नाही, तो ती हिसकावून घेतो. राज्याच्या कायद्यात 'संख्येनं सर्वांत मोठा, मग संख्या कितीही असो' एवढी एक ओळ घालायला कोणत्याही घटनादुरुस्तीची गरज नाही, आणि ती घालायची तर आज सत्तेत बसलेल्यांनीच घालायला हवी, कारण उद्या त्या बाकांवर कोण असेल हे त्यांनाही ठाऊक नाही.